न कळलेल्या फुलांचा ढीग

माघ संपत आला की हिंगोलीतल्या आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून हळद शिजल्याचा वास येऊ लागतो. वासाबरोबर धूरही येतो, म्हणून बायको खिडकी लावून घेते. थोड्या वेळाने मी जाऊन ती पुन्हा उघडतो. आता शेतात पूर्वीच्या कढया राहिल्या नाहीत. ट्रॅक्टरमागे लोखंडी कुकर ओढत आणतात, वाफेवर ढीगच्या ढीग शिजवतात, आणि किती वेळ ठेवायचं ते घड्याळात बघतात. वास मात्र तोच आहे. मातीचा, थोडा कडवट, घशाशी गोड होणारा.

त्या वासाच्या खाली मला आणखी एक वास येतो. हिंगोलीत तो कुणाच्या घरातून किंवा शेतातून यायचं काही कारण नाही. हिरवा, कडू, जुन्या गवतासारखा आणि मध्येच फुलासारखा. हॉप नावाच्या वेलीच्या फुलांचा तो वास. हे फूल बिअरमध्ये घालतात. मी बायकोला विचारतो, "तुला काही दुसरं येतंय का?" ती म्हणते, "हळद येतेय, दुसरं काय येणार?" तिचं बरोबर असणार. माझं नाक आता म्हातारं झालं आहे. पण हा गोंधळ म्हातारपणाचा नाही. तो एकोणीसशे सत्तरच्या दशकातल्या एका हळदीच्या हंगामापासूनचा आहे, आणि त्या वेळी माझं नाक बावीस वर्षांचं होतं.

तेव्हा आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता. आमचं गाव जवळा बाजारपासून चालत तासाभरावर. सिद्धेश्वर धरणाचं पाणी कालव्याने आल्यापासून ज्यांच्याकडे जमीन होती त्यांनी हळद लावायला सुरुवात केली होती. आमच्याकडे जमीन नव्हती. आमच्याकडे आबांचं नाक होतं.

हे मी गमतीने म्हणत नाही. हळदीचे कंद मोठ्या कढईत पाणी घालून, वरून हळदीचाच पाला झाकून शिजवायचे असतात. कमी शिजले तर वाळताना आत गाभा कच्चा राहतो. जास्त शिजले तर रंग जातो. तो नेमका क्षण माझे वडील वासावरून सांगायचे. फेस यायचा, पांढरी वाफ सुटायची, बाकीचे लोक काडी टोचून बघायचे, आणि आबा दहा हातांवर वाऱ्याच्या बाजूला डोळे मिटून बसलेले असायचे. मग एकदम म्हणायचे, "ओढा!" म्हणजे कढईखालचा जाळ ओढून बाहेर काढा. पंचक्रोशीतले लोक त्यांना त्यासाठी बोलवायचे. गणपतराव पाटलांच्या शेतावर तर दर वर्षी तेच असायचे. तिथे आमच्यासाठी चहाचा कप गोठ्याच्या भिंतीतल्या वेगळ्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. नाकाला मात्र कुणी वेगळा कोनाडा केला नव्हता.

तेच नाक मला मिळालं, आणि त्या नाकाने मला नोकरी मिळवून दिली. परभणीच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या सात पिढ्यांत पहिला पदवीधर. प्रयोगशाळेत कुठल्या बाटलीत काय आहे ते मी बूच उघडताच सांगायचो, हे लक्षात ठेवून आमच्या सरांनी औरंगाबादच्या एका कंपनीत माझं नाव कळवलं. त्या सरांचे उपकार मी कधी विसरणार नाही. कंपनी बिअर बनवणारी होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

घरी मी सांगितलं की कारखान्यात, प्रयोगशाळेत काम आहे. माय म्हणाली, "कायचा कारखाना?" मी म्हणालो, "औषधासारखा." ही माझी पहिली लबाडी. ती का केली ते सांगायला हवं.

आबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी दारू सोडली. त्याआधी ते आणि माझे थोरले काका सोबतीने प्यायचे, मोहाची, गावातच गाळलेली. काकांनीही दीक्षा घेतली, पण त्यांची सुटली नाही. ते एका पावसाळ्यात गेले. त्यानंतर दर पौर्णिमेला विहारात वंदना व्हायची तेव्हा पंचशीलातलं पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं, आबा इतक्या मोठ्याने म्हणायचे की लहान पोरं हसायची. मीही हसायचो. त्यांच्या त्या आवाजात काका आहेत हे मला फार उशिरा कळलं.

तीन महिने मी उमेदवारी केली. आमचे मुख्य केमिस्ट डिसूझा साहेब गोव्याकडचे, बुटके, सतत स्वतःच्या शर्टाच्या बाहीचा वास घेणारे. एक वास घेतला की दुसऱ्याच्या आधी नाक कोरं करायला स्वतःच्या कपड्याचा वास घ्यायचा, ही त्यांची पद्धत. त्यांनी मला हॉपचं फूल दाखवलं. हिरवट कागदाच्या पाकळ्या एकावर एक चिकटवून केलेलं छोटंसं बोंड. पाकळी उलगडली की देठापाशी पिवळी भुकटी. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "हळद!" साहेब हसले. म्हणाले, "याच भुकटीत सगळं आहे. कडूपणा, वास, आणि बिअर नासू न देण्याची ताकद."

बार्लीचा गोड रस उकळताना हे फूल टाकतात. ज्या जातीचा कडूपणा हवा ती आधी टाकायची, म्हणजे ती तासभर उकळते. ज्या जातीचा वास हवा ती अगदी शेवटी, जाळ बंद करायच्या जरा आधी. साहेब म्हणायचे, "वासाला उकळी सोसत नाही, तो उडून जातो. कडूपणा राहतो." मी हे वहीत लिहून घेतलं. पुढे ते मला नुसतं बिअरबद्दलचं वाटेनासं झालं, पण तेव्हा नुसतं लिहून घेतलं.

सहा जाती होत्या. हालरटाऊ, साझ, गोल्डिंग, फगल, क्लस्टर आणि नॉर्दर्न ब्रूअर. जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, इंग्लंड, अमेरिका. मला ज्या देशांच्या राजधान्या पाठ होत्या त्या देशांची फुलं माझ्या तळहातावर. साहेबांनी प्रत्येक जातीची मूठभर फुलं एकेका कापडी पिशवीत घालून दिली, पिशव्यांवर आकडे लिहिले आणि म्हणाले, "आठ दिवस घरी जा. आलास की डोळे बांधून ओळखायचं. सहाच्या सहा ओळखलीस तर नोकरी पक्की. नाही तर मी काही करू शकणार नाही."

माझी धाकटी बहीण सुमन त्या वर्षी दहावीला होती. ती हुशार होती आणि पुढे शिकायचं म्हणत होती. ते त्या नोकरीवर होतं, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण माझी पिशवी खाली ठेवताना सगळ्यांनी ज्या नजरेने बघितलं त्यात ते होतं.

तिसऱ्या दिवशी मी जवळा बाजारला कुणाला तरी भेटून परत आलो, तर मायने माझ्या सहाही पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या.

"माय, यात फुलं होती!"

"हायेत की. डब्यात घातली. पिशव्याला वल लागून किडं पडले असते."

"सगळी एकाच डब्यात?"

"मंग? एकच तर फूल हाय. बेहडा काय अन् हिरडा काय, मी एकाच डब्यात ठेवते. औषध ते औषध."

मी डबा उघडला. सहा देश एकमेकांत मिसळून गेले होते. दिसायला सगळी सारखीच. मी मटकन खाली बसलो. सुमन म्हणाली, "दादा, तू असा बसला जसं कुणी मेलंच." मायला काय चुकलं ते कळेना, पण चुकलं एवढं कळलं, आणि ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "काहून रं? काहून?"

आबा शेतावरून आले तेव्हा दुपार कलत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हात न लावता डब्यावर वाकून एक लांब श्वास घेतला, आणि कोपराच्या आतल्या खोबणीत नाक खुपसून थोडा वेळ तसेच राहिले. मला डिसूझा साहेबांची बाही आठवली. या दोन माणसांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

"सूप आण," आबा म्हणाले. "आन् फुलं तू चोळ. माझ्या हाताला हळद हाय, समदं हळदच वाटंल."

त्या दुपारी आणि दुसऱ्या सकाळी आम्ही बाप-लेक अंगणात सूप घेऊन बसलो. मी फुलाच्या दोन पाकळ्या चोळायचो, आबांच्या नाकाशी धरायचो, मग स्वतः घ्यायचो. ते म्हणायचे, "ही निंबाच्या मोहराची." मी वहीत लिहायचो, हालरटाऊ. "ही कडब्याच्या गंजीत हात घातल्यावर येतो तसली." फगल. "मधाच्या पोळ्याचं मेण." गोल्डिंग. "ही धन्याची, पर हिरव्या नव्हं, वाळल्या." साझ. "पिकून फुटलेलं बोर." क्लस्टर. "ववा. ववा आन् आणखी कायतरी थंड." नॉर्दर्न ब्रूअर. कॉलेजात तीन वर्षं शिकून मला जे शब्द सापडले नव्हते ते त्यांनी दीड दिवसात दिले. त्यांच्या शब्दांनी सहा वास माझ्या डोक्यात असे पक्के बसले की आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन.

सहा ढीग झाले. आणि सुपाच्या कोपऱ्यात सातवा, ज्यात आबा न बोलता फूल टाकायचे.

"हा कायचा, आबा?"

"कळंनाचा."

"तुमाला कळंना?"

"काही फुलं दोन्हीकडची असतेत. जबरीनं एका ढिगात काहून टाकायची? तसंच राहू दे."

ते काम करताना ते फार खूश होते. बायांना हाक मारून दाखवायचे, "पोरगं औषधाचं शिकून राहिलं. बाहेरदेशाचं फूल हाय." आणि मी मान खाली घालून पाकळ्या चोळत राहायचो. माझी बोटं पिवळी झाली होती. त्यांची आधीच होती.

सातव्या ढिगातली चार फुलं मायने उकळली. आबांना जाळापाशी बसून बसून खोकला लागायचा आणि झोप लागायची नाही. "कडू हाय म्हंजे गुणाचं असंल," असं म्हणून तिने काढा करून दिला. आबांनी तोंड वाकडं करून प्याला, आणि त्यांना झोप लागली. गाढ. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बराबर औषध हाय लेका. तकलीफ गेली." मला माहीत होतं की हॉपच्या फुलाने झोप येते. काढ्यात दारूचा थेंब नाही हेही माहीत होतं. तरी मी कपाकडे बघत होतो आणि मला नीट समजत नव्हतं की माझे वडील आत्ता काय पितायत. जे फूल मायच्या पातेल्यात औषध आहे ते आमच्या कारखान्याच्या तांब्याच्या हंड्यात काय आहे? फूल तर दोन्हीकडे तेच. मग मी खोटं बोललो की नाही?

हा प्रश्न मी गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बऱ्याच जणांना विचारला आहे. ज्यांना विचारलं त्यांनी लगेच उत्तर दिलं, आणि प्रत्येकाने वेगळं दिलं. लगेच आलेल्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही, हे कदाचित त्या सुपामुळे असेल.

त्याच आठवड्यात माघी पौर्णिमा आली. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक खोली. संध्याकाळी सगळे जमले. आबा माझ्या शेजारी होते. पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं, चौथं. चौथं खोटं न बोलण्याचं. ते मी म्हटलं, कसं म्हटलं कोण जाणे. पाचव्याला माझा आवाज बाहेरच आला नाही. आबांचा आवाज नेहमीसारखा पत्र्याला जाऊन भिडला, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी गणपतरावांच्या शेतावर कढई चढली होती. मी आबांना भाकरी घेऊन गेलो. ते नेहमीच्या जागी, वाऱ्याच्या बाजूला. डोळे मिटलेले.

"काल पाचव्याला तुझा आवाज आला न्हाई," डोळे न उघडता ते म्हणाले.

मी भाकरीच्या फडक्याची गाठ सोडू लागलो.

"पितोस का?"

"न्हाई आबा. आईची शपथ."

"मंग काहून?"

मी सांगितलं. कारखाना कसला, फूल कशासाठी, परीक्षा कसली, सगळं. घाईघाईने सांगितलं, जसं उत्तरपत्रिका काढून घेण्याआधी लिहितात. आबा ऐकत होते. त्यांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही, कढईकडेही नाही.

"या फुलानं दारू होती?"

"न्हाई. दारू धान्य आंबवून होती. फुलानं नुसता वास आन् कडूपणा येतो. आन् नासत न्हाई."

"म्हंजे पिणाराला गोड लागावं म्हून कडू घालतेत?"

"तसंच म्हणा."

"तुला चाखावं लागतं?"

"चाखून थुकायचं असतं."

"थुकतोस?"

"थुकतो."

ते काडीने मातीत रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "फुलाचा दोष न्हाई." आणि थोड्या वेळाने, "तुझ्या काकाचाबी न्हवता." मला वाटलं आता ते नोकरी सोड म्हणतील. मी ती सोडायला तयार झालो होतो. मग सुमन शाळेची पिशवी घेऊन चालताना डोळ्यांपुढे आली आणि मी तयार नव्हतो. हे दोन्ही एकाच श्वासात.

तेवढ्यात तिकडून गणपतराव आबांच्या नावाने ओरडत आले. "किसन! आरं किसन, जाळ ओढा म्हण की! पार लगदा करतो का काय हळदीचा?"

कढईवर फेस मरून गेला होता. वास कधीच पुढे निघून गेला होता. गड्यांनी जाळ ओढला, झारे घातले, पण एक कढई गेली ती गेली. हळकुंडं बोटाने दबत होती आणि रंग विटकरी पडला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आज नाक घरी ठेवून आला काय रं?" गणपतराव म्हणाले. रागात होते, पण आबांचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला.

"नाक हितंच हाय, मालक," आबा म्हणाले. "कान दुसरीकडं गेले होते."

बाकीचे हसले. आबाही हसल्यासारखे झाले. ती हळद त्या वर्षी गणपतरावांनी घरच्या वापराला ठेवली आणि पुढे कितीतरी दिवस ते लोकांना "किसनची हळद" म्हणून दाखवायचे. वरणात तिचा रंग यायचा नाही म्हणे. चव मात्र बरी होती.

नंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात गोंधळ कमी आहे. मी परीक्षा दिली. डोळे बांधलेले असताना पहिल्या फुलाला मी "निंबाचा मोहर" म्हणालो, मग भानावर येऊन खरं नाव सांगितलं. सहाच्या सहा बरोबर आली. डिसूझा साहेबांनी आबांचे शब्द विचारून घेतले आणि कंपनीच्या वहीत जातींच्या नावांपुढे लिहिले. जर्मनीच्या फुलापुढे निंबाचा मोहर, इंग्लंडच्या फुलापुढे कडब्याची गंजी. ज्यांनी ते शब्द दिले ते आबा बिअरच्या कारखान्याचं फाटकही कधी बघणार नव्हते. वहीत ते शब्द पाहून मला अभिमान वाटला आणि कुठेतरी चोरी केल्यासारखंही वाटलं.

चार वर्षं मी ती नोकरी केली. सुमन शिकली, पुढे शिक्षिका झाली. मग मीही बी.एड. केलं आणि हिंगोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. नोकरी सोडली ती मन टोचत होतं म्हणून, की मायच्या आजारपणात जवळ असावं म्हणून, हे मी लोकांना सोयीप्रमाणे सांगतो. बिअर मी कधी गिळली नाही. चार वर्षं रोज चाखली आणि थुंकली. हे शील पाळणं झालं की मोडणं, ते मला माहीत नाही.

त्या चार वर्षांत पौर्णिमेला गावी असलो की आबा माझ्या शेजारी उभे राहायचे. पाचव्याला मी गप्प असायचो. आणि त्यांचा आवाज पूर्वीपेक्षाही मोठा व्हायचा. माझी जागा भरून काढण्यासाठी, म्हणजे शेजाऱ्यांना माझं गप्प राहणं ऐकू जाऊ नये म्हणून, की मला ऐकवण्यासाठी? मी त्यांना कधी विचारलं नाही. मी शिक्षक झाल्यावर पहिल्या पौर्णिमेला पाचवं शील मोठ्याने म्हटलं, तेव्हा त्यांनी नुसतं एकदा वळून बघितलं. नंतर त्यांचा आवाज इतरांसारखा झाला.

पण मला जे सांगायचं आहे ते या सगळ्याच्या आधीचं. कढई बिघडली त्याच्या दोन दिवसांनी मी औरंगाबादला निघालो. जवळा बाजारचा आठवडी बाजार होता, बस उशिरा होती. आबा सोडायला आले. मधल्या दोन दिवसांत ते नोकरीबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. जा नाही, राहा नाही. रस्ताभर मी वाट बघत होतो. भाजीवाल्यांच्या पुढे, कापसाच्या गाड्यांच्या आडोशाला आम्ही उभे राहिलो, आणि त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यातून माझ्या सहा पिशव्या काढून दिल्या. मायने तोंडं शिवून टाकली होती, आकडे नव्याने लिहिले होते ते सुमनच्या अक्षरात.

"आन् सातवा ढीग?"

"तो मी ठेवला. झोपंला बरा हाय."

मला धीर धरवला नाही. "आबा, जाऊ का नको? तुमीच सांगा."

त्यांनी खिशातून एक फूल काढलं. सातव्या ढिगातलंच असणार. या वेळी ते मला चोळायला दिलं नाही. स्वतःच्या पिवळ्या तळहातावर ठेवलं, अंगठ्याने चुरलं, वास घेतला, आणि हात माझ्या नाकाशी धरला.

"सांग."

मी डोळे मिटले. हळद आली, धूर आला, त्यांच्या हाताचा घाम आला. त्याखाली काहीतरी हिरवं आणि कडू होतं, पण ते कुठल्या ढिगातलं होतं ते काही सापडेना.

"कळंना, आबा."

त्यांनी हात परत स्वतःच्या नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. बाजारातले लोक आमच्याकडे बघत होते.

"मलाबी," ते म्हणाले.

मग बस आली. आत गर्दी होती. त्यांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि म्हणाले, "पिशव्याला वल लागू देऊ नको."